क्ले बार, एसीचं पाणी आणि अब्बांचा रंग

मी गाड्या पुसत नाही. हे आधीच सांगते, कारण आमच्या नातेवाइकांत माझी ओळख करून देताना "ती गाड्या पुसते" असं म्हणतात आणि म्हणताना आवाज जरा खाली घेतात. गाडी पुसायला फडकं लागतं. मी गाडीच्या रंगात रुतून बसलेली घाण काढते. ती धुऊन जात नाही, फडक्यानं निघत नाही, आणि रंगाला धक्का न लावता ती उचलायची असते. त्यासाठी क्ले बार नावाची वडी मिळते. अंघोळीच्या साबणाच्या लहान वडीएवढी, मळलेल्या कणकेसारखी. तिच्याबरोबर रंगावर शिंपडायला एक निसरडं पाणी लागतं. वडी कुठली घ्यायची आणि पाणी कशाचं करायचं, एवढं ठरवायला मला दोन उन्हाळे लागले. त्या दोन उन्हाळ्यांत मी अब्बांशी जेवढी भांडले, तेवढी आधी कधी भांडले नव्हते आणि नंतरही नाही.

अब्बा डेंटिंग-पेंटिंगचे कारागीर. आम्ही मूळचे लातूरचे. भूकंप झाला तेव्हा मी चार वर्षांची होते. मला आठवतं ते इतकंच, की त्यानंतर पुष्कळ दिवस आम्ही रस्त्याच्या कडेला ताडपत्रीखाली राहत होतो आणि अम्मी चुलीपाशी बसली की जागची हलायची नाही. तिचे आईवडील आणि धाकटी बहीण औशाकडच्या गावात, दगडमातीच्या घराखाली गेले. आमच्या लातूरच्या घराला नुसती भेग गेली होती. अब्बा म्हणाले, बुजवून घेऊ. अम्मी म्हणाली, "दगडमातीच्या छपराखाली मी आता पाय ठेवणार नाही. तुम्हाला राहायचं तर राहा." अब्बांनी तिच्याशी वाद घातला नाही. नांदेडला रेल्वे यार्डाच्या भिंतीला लागून एक पत्र्याचं शेड रिकामं होतं. पुढं वर्कशॉप, मागं दोन खोल्या, वर सगळा पत्रा. उन्हाळ्यात आत भाजून निघायचं, पण अम्मी तिथं निवांत झोपायला लागली. आम्ही नांदेडचे झालो ते असे.

घरात आम्ही दखनी बोलतो. माझी शाळा मात्र मराठी, कारण जवळची तीच होती. त्यामुळं लिहायचं म्हटलं की मला मराठीच सुचते. अब्बांची वाक्यं इथं मी बरीचशी मराठीत लिहिली आहेत. त्यांनी ती दखनीत म्हटली होती आणि तिकडं ती जास्त लागायची.

अब्बांना रंग जुळवायला मशीन लागत नसे. ते डब्यात रंग कालवायचे, पत्र्याच्या पट्टीवर एक हात मारायचे, पट्टी उन्हात वाळवायचे आणि गाडीला लावून बघायचे. पांढऱ्यात किती पिवळा आहे, करड्यात किती निळा, हे ते डोळे बारीक करून सांगायचे. शाळेतून आले की मी त्या पट्ट्या धरून उभी राहायचे. "सांग, काय कमी आहे?" "हिरवा जास्त झालाय." "हौ." एवढंच. पण त्यांच्या त्या 'हौ'साठी मी जेवण टाकून पळत यायचे.

दहावीला मला चांगले गुण पडले आणि सगळ्या मोहल्ल्यानं ठरवलं की मी डॉक्टर होणार. तेव्हा डॉक्टर होणं म्हणजे लातूरला जाणं. नांदेडलाही क्लास निघाले होते, पण लातूरचं नाव मोठं. अम्मी ऐकेना. ज्या गावातून ती निघून आली, त्याच गावात मुलगी पाठवायची तिची तयारी नव्हती. अब्बा एक दिवस लातूरला जाऊन हॉस्टेलची इमारत बघून आले. "नवीन आहे. सळईची आहे. मी खांब ठोकून बघितले," असं त्यांनी सांगितलं, तेव्हा ती कशीबशी हो म्हणाली.

मी लातूरला दोन वर्षं काढली आणि वर आणखी एक वर्ष, परीक्षा परत द्यायला. एका हॉलमध्ये आम्ही दोनशे मुलं बसायचो. त्या हॉलला बाहेरून एसीची यंत्रं रांगेनं लावलेली होती आणि त्यांच्या नळ्यांतून गल्लीत दिवसभर पाणी ठिबकायचं. इकडं हॉस्टेलमध्ये टँकर आला तर पाणी, नाही तर अंघोळीला एक बादली. माझ्या खोलीतली मुलगी इस्लापूरची होती, नदीकाठी वाढलेली. तिला ते ठिबकणारं पाणी बघवेना. तिनं सरळ नळीखाली बादली लावली आणि त्यात कपडे भिजवले. टँकरच्या पाण्यात साबणाचा फेस होत नसे, नुसती पांढरी साय तरंगायची. या पाण्यात चिमूटभर पावडरीला बादलीभर फेस आला. आम्ही दोघी हसत सुटलो. रसायनशास्त्राच्या पुस्तकातलं कठीण पाणी आणि मऊ पाणी मला तेव्हा पहिल्यांदा खरोखर समजलं.

परीक्षेत मात्र मी दोन्ही वेळा मागं पडले. थोड्यानं नाही, चांगली मागं पडले. खाला, म्हणजे अम्मीची थोरली बहीण, म्हणाली, आणखी एक वर्ष देऊन बघ. मामू म्हणाले, देऊ दे. मोहल्ल्यातही सगळे म्हणाले, आता एवढं केलंच आहे तर. मी सामान घेऊन घरी आले आणि सगळ्यांसमोर सांगितलं, "मी तिसऱ्यांदा जाणार नाही. मला ते येत नाही आणि मला ते नकोय." अम्मी रडली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी वर्कशॉपमध्ये जाऊन उभी राहिले. अब्बांनी रंगाची पट्टी माझ्या हातात दिली.

क्ले बार मला मिळाला तो बाजारातल्या सीट कव्हरच्या दुकानात. दुकानदारानं हैदराबादहून माल आणताना तो कुठल्या तरी पेटीबरोबर आणला होता. पिवळी वडी, प्लास्टिकच्या डबीत. त्याला वाटलं, लहान मुलांचं खेळायचं आहे. "ताई, तुम्हीच बघा काय लिहिलंय," म्हणून त्यानं डबी माझ्यापुढं सरकवली. आतला कागद बारीक इंग्रजीत होता. तीन वर्षं लातूरला बारीक इंग्रजी वाचण्यात गेली होती, त्याचा तेवढा तरी उपयोग झाला. कागदावर म्हटलं होतं की रंगावर बोटं फिरवून जे खरखरीत लागतं, ते ही वडी उचलते. नुसत्या बोटांना कळत नसेल तर हातावर पातळ पिशवी चढवून बघा. मी घरी येऊन आमच्या जुन्या पांढऱ्या व्हॅनवर तसं करून बघितलं. पिशवीतून ती व्हॅन वाळूच्या कागदासारखी लागली. अब्बांनी दर शुक्रवारी धुतलेली व्हॅन!

मी उतावीळ होते. मे महिन्यातली दुपार, व्हॅन उन्हात उभी, पत्रा तापलेला. मी बोअरच्या पाण्यात कपडे धुण्याची पावडर कालवली आणि वडी घासायला सुरुवात केली. पाणी शिंपडायच्या आत वाळत होतं. वडी चिकटायला लागली, पिवळे ओरखडे उमटायला लागले. मी आणखी जोर लावला. एकदा वडी हातातून निसटून जमिनीवर पडली. मी ती उचलली, पाण्यात बुचकळली आणि पुन्हा घासायला घेतली. संध्याकाळी ऊन तिरपं झालं तेव्हा बोनटवर गोल गोल चरे चमकत होते.

अब्बा येऊन उभे राहिले. "काय करून राहिली तू?"

मी डबी दाखवली. त्यांनी वडी बोटानं दाबून बघितली, वास घेतला. "मिट्टी? गाडीवरची मिट्टी काढायला मिट्टी?" मग ते खाली वाकले, वडीच्या पोटात अडकलेला खडा नखानं काढला आणि माझ्या तळहातावर ठेवला. पुढचे दोन दिवस ते रंग घासायचं कंपाउंड लावून ते चरे घालवत होते. मला हात लावू दिला नाही. अम्मीला कळलं की मी मातीच्या वडीनं काही करते आहे, तेव्हा ती एवढंच म्हणाली, "घरात मातीचं काही आणू नकोस." वडी घरात नाही, शेडमध्ये ठेवते, असं मी तिला सांगितलं. तिनं ते मान्य केलं. आजही वडी घराचा उंबरा ओलांडत नाही.

चूक माझी होती, वडीची नव्हती. हे मला चरे बघतानाच कळलं होतं आणि म्हणूनच मी सोडायला तयार नव्हते. वर्कशॉपच्या मागच्या भिंतीला एका अपघातातल्या गाडीचं काळं बोनट टेकून ठेवलेलं होतं. मी त्यावर चिकटपट्टीनं चौकोन पाडले आणि एकेका चौकोनात एकेक पाणी लावून बघायला सुरुवात केली. तेही सकाळी, सावलीत, पत्रा थंड असताना.

भांड्यांचं लिक्विड छान निसरडं होतं, पण वडी त्यात भुसभुशीत व्हायला लागली आणि तिचे तुकडे पडायला लागले. केसांच्या शाम्पूनं काळ्यावर धुरकट पट्टे सोडले. मेडिकलमधून ग्लिसरीन आणलं, तर वडी इतकी घसरायला लागली की तिनं काहीच उचललं नाही, उलट सगळ्या यार्डाची धूळ त्यावर येऊन बसली. गाडीचा शाम्पू बोअरच्या पाण्यात टाकला तर बरं होतं, पण वाळल्यावर चुन्याचे पांढरे ठिपके. त्या ठिपक्यांकडं बघता बघता मला लातूरची ती गल्ली आठवली.

नांदेडच्या स्टेशन रोडवरच्या एका क्लासच्या वॉचमन चाचांना मी विचारलं, तुमच्या एसीच्या नळीखाली कॅन ठेवू का? ते म्हणाले, "ठेव की. त्यात काय?" दुसऱ्या दिवशी सकाळी दोन कॅन भरले होते. ते पाणी सुती कापडातून गाळलं, त्यात गाडीच्या शाम्पूचे थोडे थेंब टाकले आणि शिंपडायच्या बाटलीत भरलं. वडी त्या काळ्या बोनटवर ठेवली. आधी खरखर असा बारीक आवाज आला, हाताला अडकल्यासारखं झालं. चार-पाच वेळा सरळ रेषेत नेल्यावर आवाज बंद झाला आणि वडी पाण्यावरून नाव जावी तशी गेली. वाळलं तेव्हा ना ठिपका, ना पट्टा. दुकानात मिळणारं तयार पाणी याहून चांगलं असतं, हे खोटं कशाला बोलू. काळ्या गाड्यांना मी अजून तेच वापरते. पण पांढऱ्याला आणि चंदेरीला माझं एसीचं पाणी पुरतं.

वड्याही मी तीन-चार तऱ्हेच्या मागवून बघितल्या. पिवळी, निळी, लाल, पांढरट. प्रत्येक कंपनीचा निळा वेगळा. कुणाचा मऊ, कुणाचा टणक, त्यामुळं वडीच्या रंगावर जाण्यात अर्थ नाही. अंगठ्यानं दाबायची. लगेच खड्डा पडला तर मऊ. टणक वडी काम भरभर करते, पण रंगाची चमक मारते. मी मऊ घेतली. वेळ जास्त लागतो. लागू दे. आणि जमिनीवर पडलेली वडी, ती कितीही नवी असो, कचऱ्यात.

हे सगळं अब्बा बघत होते. पण बघितल्यासारखं दाखवत नव्हते.

दुसऱ्या उन्हाळ्यात उदगीरचे एक व्यापारी आले. कपाळावर भस्माचे पट्टे, पांढरा शर्ट, आणि फार रागात. आम्ही त्यांना अण्णा म्हणायला लागलो, उदगीरकडं मोठ्या माणसाला तसंच म्हणतात. त्यांची मुलगी नांदेडला क्लासला होती. तिच्यासाठी त्यांची बायको इथं यार्डाच्या पलीकडं खोली घेऊन राहत होती आणि दोघींसाठी त्यांनी नवी पांढरी गाडी ठेवली होती. गाडी वर्षभर उघड्यावर उभी. आता तिच्या बोनटवर, टपावर, डिकीवर केशरी ठिपके उठले होते. शेकड्यांनी. बाहेर एका ठिकाणी दाखवली तर त्यांनी सांगितलं, पत्रा गंजलाय, वरचं सगळं रंगवावं लागेल.

"नवी गाडी हाय हो चाचा," अण्णा अब्बांना म्हणाले. "एक वर्षात गंजली. लई फसवलं मला कंपनीनं. तुम्ही आता बोनट आणि टप नीट रंगवून द्या, बाकीचं मी बघतो त्यांचं."

अब्बांनी ठिपक्यांवर बोट फिरवलं. तसे ठिपके त्यांनी आधी बघितले होते. मीही बघितले होते, लहानपणापासून. यार्डाच्या बाजूच्या क्वार्टरमधल्या गाड्या आमच्याकडं नेहमी यायच्या आणि नेहमी असंच म्हणत यायच्या. "होऊन जाईल, अण्णा," अब्बा म्हणाले. "आठ दिवस ठेवा."

मी मागं उभी होते. माझ्या तोंडातून निघून गेलं, "रंगवू नका."

दोघांनी वळून बघितलं. अण्णांना आधी कळलंच नाही की मी कुणाला म्हणते आहे.

"हा गंज गाडीचा नाही," मी म्हणाले. "बाहेरून आलाय."

"तू आत जा," अब्बा दखनीत म्हणाले.

"नक्को," मी म्हणाले. अब्बांना गिऱ्हाइकासमोर मी कधी नाही म्हटलं नव्हतं.

जुन्या स्पीकरमधला एक लोहचुंबक माझ्याकडं होता. मी तो प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळला आणि शेडच्या खिडकीच्या पट्टीवरून, जिथं यार्डाकडून धूळ येऊन बसते, तिथून सावकाश ओढला. उचलला तेव्हा पिशवीला खालून काळी दाढी फुटली होती. "हे लोखंड आहे," मी अण्णांना दाखवलं. "यार्डातल्या आगगाड्यांची चाकं आणि ब्रेक घासून उडतं. ते उडतं, रंगावर पडतं, उन्हात रुततं आणि मग दव पडलं की गंजतं. तुमच्या गाडीचा पत्रा खाली जसाच्या तसा आहे."

अण्णांनी चुंबकाकडं बघितलं, मग अब्बांकडं. "चाचा, पोरगी काय म्हणून राहिली?"

अब्बा ठिपक्यांवरून पुन्हा बोट फिरवायला लागले. गाडीत पुढच्या सीटवर अण्णांची बायको बसली होती. ती दार उघडून खाली उतरली. "काढून दाखव," ती मला म्हणाली. "अर्धं बोनट काढून दाखव. न्हाई निघालं तर रंगवू. आपलं काय जातंय?"

"अक्का, चरे पडले तर?" अब्बा म्हणाले. आमच्या व्हॅनवर मी पाडलेले चरे ते विसरले नव्हते.

"रंगवायचंच हाय म्हणता, मग चऱ्यांचं भ्या कशाला?" ती म्हणाली.

मी गाडी आत घेतली, सावलीत. दोनदा धुतली. बोनट थंड होईपर्यंत थांबले आणि मधोमध चिकटपट्टीची रेघ मारली. एसीचं पाणी शिंपडलं. वडीचा लहान तुकडा हातात चपटा केला आणि सुरुवात केली. खरखर एवढ्या मोठ्यानं आली की अण्णा पुढं सरकले. मी जोर लावला नाही. वीतभर जागा, पाणी, सरळ पुढं, सरळ मागं, वडी उलगडून बघायची. पांढरट वडीच्या पोटात केशरी कण दिसायला लागले. वडी आतल्या बाजूनं दुमडायची, स्वच्छ बाजू वर, पुन्हा पाणी. दोन तास फक्त त्या अर्ध्या बोनटाला लागले. अक्का एका रिकाम्या डब्यावर बसून राहिली. अण्णा तीनदा चहा पिऊन आले.

फडक्यानं पुसलं तेव्हा रेघेच्या एका बाजूला केशरी ठिपके होते आणि दुसऱ्या बाजूला नुसता पांढरा रंग. मी अण्णांच्या हातावर पिशवी चढवली आणि म्हटलं, "दोन्हीकडं फिरवा." त्यांनी फिरवला. मग पुन्हा फिरवला. बायकोला हाक मारून तिचाही हात ठेवायला लावला.

त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी मिळून मी सगळी गाडी केली. टपाच्या कडेला एक डाग मात्र हलेना. वडी कितीही फिरवली तरी तो तिथंच. तिथं खडा लागून रंग उडाला होता आणि खालचा पत्रा खरोखर गंजायला लागला होता. मी अण्णांना बोलावून तो दाखवला. "हा माझ्याकडून जाणार नाही. हा खरा आहे. हा अब्बा करतील."

अब्बा आले. त्यांनी पिशवी घेतली नाही, नुसता हात बोनटवरून नेला, बोटांची पेरं टेकवून, जसा ते वॉटर पेपर, म्हणजे पाण्यात भिजवून घासायचा कागद, मारल्यावर नेतात. मग टपावरून. मग त्या डागापाशी थांबले. "बोनटला रंगाची गरज नाही, अण्णा," ते म्हणाले. "एवढा डाग मी करून देतो." तो डाग त्यांनी असा केला की तो कुठं होता हे आज मलाही सांगता येणार नाही.

गाडी गेली आणि अब्बा जेवले नाहीत. अम्मीनं दोनदा हाक मारली. ते शेडमध्ये स्टुलावर बसून होते. मला वाटलं, माझ्यावर रागावलेत. मी जाऊन समोर उभी राहिले, भांडायच्या तयारीनंच.

"आठ दिवसांचं काम होतं," ते म्हणाले.

"होतं कुठं, अब्बा? ते काम नव्हतंच."

त्यांनी मान हलवली. यार्डाच्या भिंतीकडं बघत म्हणाले, "अशा किती गाड्या मी रंगवल्या असतील? त्या क्वार्टरमधल्या. कंपनीचा रंग खरवडून काढला आणि माझा मारला. चांगला भला रंग होता त्यांचा. मी मारून टाकला तो."

मला हे अपेक्षित नव्हतं. मी भांडण घेऊन आले होते आणि समोर भांडणारा माणूसच नव्हता. तरी मी जे म्हटलं ते मागं घेत नाही. मी म्हटलं, "तुम्हाला ठाऊक नव्हतं. मला ठाऊक आहे. ठाऊक असून मी गप्प बसणार नाही. तुम्ही सांगितलं तरी बसणार नाही."

ते उठले आणि हात धुवायला गेले. पुढचे काही दिवस आमच्यात कामापुरतंच बोलणं होतं.

मग एका सकाळी मी रेल्वेतल्याच एका साहेबांची चंदेरी गाडी करत होते. अब्बा ट्यूबलाईट लावलेला बांबू घेऊन आले आणि तो दारावर तिरपा धरला. "बघ," ते म्हणाले. तिरप्या उजेडात माझ्या हाताचे माग दिसत होते, अगदी पुसट. "अंगठा जोर देतोय तुझा. अंगठा वर घे. चार बोटांनी ने." मी अंगठा वर घेतला. "पाणी आधी रंगावर नको, आधी मिट्टीवर मार. मग रंगावर." तेही खरं होतं. तीस वर्षं वॉटर पेपर चालवलेल्या हाताला जे कळतं, ते त्या बारीक इंग्रजी कागदात नव्हतं. तेव्हापासून गाडी आली की आधी ते बघायचे. रंग गेलेला असेल तर स्वतः घ्यायचे. नाही तर माझ्याकडं बोट करून गिऱ्हाइकाला सांगायचे, "याचा रंग जिवंत आहे. तिच्याकडं जा."

रंगाचं काम कमी झालं. ते होणारच होतं. मामू येऊन अब्बांना समजावून गेले की मुलगी तुमचा धंदा बसवते आहे. त्याच सुमारास देगलूरचं एक स्थळ आलं होतं. माणसं चांगली होती, त्यांनी एवढंच विचारलं की हे गाड्यांचं लग्नानंतर बंद करेल ना? खालानं माझ्या वतीनं हो सांगून टाकलं. मी बाहेर येऊन "नाही" म्हणून सांगितलं. ट्रेमधले चहाचे कप तसेच राहिले. अम्मी माझ्याशी बोलेना. पण दुसऱ्या दिवशी क्लासच्या वॉचमन चाचांकडून कॅन आणायला मी निघाले, तर एक कॅन तिनं स्वतः उचलला आणि माझ्याबरोबर चालायला लागली. रस्त्यात ती एकच वाक्य बोलली, "आपण काय चोरी करतो?"

ते स्थळ गेलं. गेलं तर गेलं.

आता अब्बांना थिनरचा वास सोसत नाही, छाती भरते. ते दाराशी खुर्ची टाकून बसतात आणि आलेल्या गाड्यांवरून हात फिरवतात. लातूरला शिकून आलेली आणि हे करते, असं अजूनही कुणी तरी म्हणतंच. मी म्हणते, हो, लातूरला शिकले आणि हेच करते. लपवायचं काय आहे त्यात? मऊ पाणी मी तिथंच शिकले.

गेल्या महिन्यात एक हौशी तरुण डॉक्टर काळी गाडी घेऊन आले. दर रविवारी क्ले करून द्या म्हणाले, वर्षभराचं ठरवून टाकू. मी गाडीवरून हात फिरवला. काचेसारखी होती. मी म्हटलं, "करणार नाही. वडी प्रत्येक वेळी थोडा तरी रंग घासते. वर्षातून दोनदा आणा, तेही खरखरीत लागलं तर." ते म्हणाले, "अहो, मी सांगतोय ना, करा." मी म्हटलं, "तुमच्या दवाखान्यात कुणी सांगितलं म्हणून तुम्ही दर रविवारी टाके घालता का?" ते चिडून निघून गेले. दाराशी बसलेले अब्बा इतके हसले की त्यांना खोकला आला आणि अम्मी पाणी घेऊन बाहेर पळत आली.